सात सह्या आणि अकरा दिवे

१

"हे तुम्ही खरं मानणार नाही. आजवर एकाही माणसानं मानलेलं नाही, आणि ज्यांनी मानलं त्यांची पुढे शोभा झाली," अशी सुरुवात करून काटेकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

चष्मा वर गेला की गोष्ट तासभर चालणार, हे ठरलेलं. वाचायचं असलं की तो नाकावर, सांगायचं असलं की कपाळावर. नाक आणि कपाळ सोडून तो तिसरीकडे कुठे ठेवलेला कोणी पाहिला नव्हता.

संध्याकाळ उतरत होती. गावाच्या टोकाला, जुन्या वजनकाट्याच्या केबिनबाहेर, बाकावर दोघं जुने दोस्त बसले होते. एक काटेकाका. कचऱ्याच्या गाड्या तोलण्यात त्यांनी या केबिनीत चौतीस वर्षं घालवली. गाडी लोखंडी फळीवर चढली की खिडकीतून वजन वाचायचं, चिठ्ठी फाडायची, गाडी सोडायची, एवढंच काम. पण काकांनी त्याची पार विद्या करून टाकली होती. एकदा म्हणे एका गाडीचं वजन अठ्ठावन्न किलोंनी जास्त भरलं. काकांनी ताडपत्रीकडे नुसतं बघितलं आणि हाक मारली, "मेहुणे, उतरा खाली!" ताडपत्रीखालून खरोखरच ड्रायव्हरचा मेहुणा डोळे चोळत निघाला. मेहुणा कसा ओळखला? तर म्हणे, "दुसऱ्याच्या गाडीत इतका निवांत झोपणारा माणूस आणखी कोण असणार?"

दुसरे दप्तरी. नगरपालिकेच्या दप्तरखान्यात अडतीस वर्षं कागद सांभाळून निवृत्त झालेले. माणूस कमी बोलणारा. काका सांगत आणि दप्तरी मान डोलावत, अशी त्यांची चाळीस वर्षांची वाटणी होती.

आज तिसरी ऐकणारी होती. पलीकडच्या प्रकल्पावर नव्यानं आलेली इंजिनीअर मुलगी. ओल्या कचऱ्यापासून गॅस, गॅसवर वीज, आणि त्या विजेवर गावाचे पाण्याचे पंप आणि रस्त्यावरचे दिवे, असा तो प्रकल्प. केबिन पाडून नवा काटा बसवायचा होता, म्हणून ती मोजमाप घ्यायला आली होती. खिडकीतून आत डोकावत तिनं विचारलं, "काका, त्या भिंतीवर तेवढाच चौकोन पांढरा का हो? चार कोपऱ्यांत चार भोकंही आहेत."

"कॅलेंडर होतं," काका झटकन म्हणाले.

दप्तरींना खोकला आला. चांगला लांबलचक.

तेवढ्यात रस्त्यावरचे दिवे लागले आणि काकांना विषय मिळाला. "हे काय दिवे आहेत, पोरी! दिवे तेव्हाचे. पस्तीस वर्षं झाली. बाजारातला भाजीपाला एका टाकीत कुजवून गॅस काढला होता, आणि उताराच्या गल्लीत अकरा दिवे लावले होते. मोजून अकरा. आधी सूं असा आवाज व्हायचा, मग निळी कळी, मग पिवळा उजेड. त्या उजेडात आमची ही इतकी सुंदर दिसायची, की दिवसा मला ओळखूच यायची नाही!"

"वहिनी असत्या तर हे बोलला नसतास," दप्तरी म्हणाले.

"ती असती तर इथं बसलोच नसतो." काकांनी रस्त्यावरच्या दिव्याकडे बघितलं. "दिवे लागायच्या दिवशीची जाहिरात छापली होती. खाली कामगारांची नावं. शेवटून दुसरं माझं. जन्मात एकदाच छापून आलेलं. हिनं दिव्याखाली उभं राहून ते मोठ्यानं वाचलं, आणि तो कागद ट्रंकेत जपून ठेवला. ती गेली, आणि वर्षभरानं ट्रंक उघडली तर कागदाच्या जागी वाळवीची माती."

"आणि ते दिवे?"

"चार वर्षं जळले. मग लोक ओला-सुका कचरा वेगळा करायला कंटाळले, काहीही टाकू लागले. एक दिवस टाकीत कोणाची तरी मोडकी छत्री गेली आणि घुसळणीचं पातं अडकलं. एका छत्रीनं अकरा दिवे घालवले." काकांनी मांडीवर थाप मारली. "पण गोष्ट ती नाही. गोष्ट चोरीची आहे. ती झाली नसती आणि मी ती पकडली नसती, तर तू आज इथं नसतीस. ऐक."

२

पंधरा वर्षांपूर्वीचा बुधवार. सकाळी दहाला दप्तरी धापा टाकत काट्यावर आले. तीन किलोमीटर चालत आले होते, आणि पायात एका चपलेऐवजी दप्तरखान्यातली रबरी स्लिपर होती.

"काट्या, मी मेलो."

"मग चालत कसा आलास?"

"पत्र गेलं रे! पाठिंब्याचं पत्र!"

काकांनी गाड्या थांबवल्या. त्या पत्राची बातमी गावभर होती. कचऱ्यातून वीज काढायचे छोटे प्रकल्प सरकार काही गावांना देणार होतं, पण एक अट होती. निवडून आलेल्या निम्म्याहून जास्त सभासदांचा सहीनिशी पाठिंबा हवा. सभासद तेरा, म्हणजे सह्या सात. नगराध्यक्षाबाईंनी महिनाभर उंबरे झिजवून सहा जमवल्या. सातवा सभासद असा, की गाव त्याला तोंडावर 'तळ्यातमळ्यात' म्हणायचं. सकाळी हो, दुपारी नाही, संध्याकाळी बघू. मंगळवारी दुपारी चारला तो कसा कोण जाणे हो म्हणाला, आणि बाईंनी त्याला खुर्चीतून उठू न देता सह्या उरकून घेतल्या. सही करून तळ्यातमळ्यात सासुरवाडीला निघून गेला आणि त्यानं फोन बंद केला. म्हणजे पुन्हा सही मिळायची आशा नाही. पत्रं गोळा करायला आलेले अधिकारी विश्रामगृहात बसले होते आणि बुधवारी पाचच्या ठोक्याला निघणार होते. पत्र नाही, तर प्रकल्प शेजारच्या गावाला.

आणि या गावाला काय? डोंगर. काट्यामागे कचऱ्याचा तीन मजली डोंगर उभा होता, आणि त्याच्या पायथ्याशी घरांची एक ओळ. त्या ओळीत उन्हाळाभर खिडकी कोणी उघडत नव्हतं.

"नीट सांग," काका म्हणाले.

"सह्या झाल्या. बाई म्हणाल्या, नावं कोणाच्या नजरेस पडू देऊ नका. मी पत्र दप्तरखान्यात आणलं, टेबलावर पालथं ठेवलं, वर काचेचा गोळा ठेवला. हात शिक्क्याच्या शाईनं बरबटले होते, धुवायला गेलो. आलो तर तू चहाला येऊन बसलेला. चहा झाला, तू गेलास. मग टेबलावरचे बाईंचे सगळे कागद फाईलीत घातले, फाईल कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. सकाळी कुलूप जसंच्या तसं. कपाट उघडलं, फाईल आहे. पत्र नाही!"

"दुसरी किल्ली?"

"विहिरीत. सात वर्षांपूर्वी पडली."

कुलूप शाबूत, किल्ली एकच, आणि ती एकाच माणसाच्या कमरेला. याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल.

"शुक्रवारी निवृत्त होतोय रे मी," दप्तरी म्हणाले. "अडतीस वर्षांत एक कपटा हरवला नाही माझ्या हातून. आता चोर म्हणून घरी जाऊ? बाई म्हणाल्या, पोलिसांत गेलो तर गावभर होईल, उरलेले सहाही पळतील. म्हणाल्या, ताडपत्रीखालचा मेहुणा शोधणाऱ्याला बोलवा."

काकांनी केबिनला कुलूप लावलं, सायकल काढली आणि दप्तरींना मागे बसवलं. "पाचच्या आत चोर तुझ्या पुढ्यात उभा करतो," ते म्हणाले. "नाही केला, तर माझं नाव बदल."

३

पत्र गेलं तर कोणाचं भलं होणार? दोघांचं.

पहिले छापखानेवाले. विरोधी गटाचे सभासद, आणि मंगळवारी साडेचारला दप्तरखान्याबाहेरच्या बोळात उभे असलेले लोकांनी पाहिले होते. वडिलांच्या छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत बसले होते ते. कोपऱ्यापर्यंत शाई.

"या शेरलॉक, बसा," असं काही ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "चोरीचा आळ घ्यायला आलात ना? त्या स्टुलावर बसून घ्या, ते मोडकं आहे."

"पाठिंब्याला तुमचा विरोध होता."

"होता, आहे, राहील. आज म्हणतील भाजीपाला कुजवतो, उद्या म्हणतील कमी पडला, जरा प्लास्टिक जाळू. धूर कोण खाणार? मी भर सभेत, माइक हातात घेऊन बोललोय. कागद चोरून विरोध करायचा असता तर घसा कशाला बसवला असता?"

"मग बोळात काय करत होता?"

छापखानेवाल्यांनी एक खिळा उजेडात धरला. "तळ्यातमळ्यातला शोधत होतो, त्याला परत मळ्यात आणायला. तो सटकला होता." मग जरा हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला वाटेल मला दिवे नको होते. त्या अकरा दिव्यांची जाहिरात याच यंत्रावर निघाली होती. मी स्वतः जुळवलेली. तुमचं नाव शेवटून दुसरं, बरोबर? एक अक्षर उलटं बसलं होतं, पहाटे उठून सरळ केलं. त्या गल्लीत अभ्यास करून माझा भाऊ पास झाला. छत्री अडकली तेव्हा रडलो होतो मी."

काकांनी टाचणवहीत लिहिलं: हा नव्हे.

दुसरे डंपरशेठ. डोंगरावर कचरा नेणाऱ्या नऊ गाड्या त्यांच्या. प्रकल्प आला की ओला कचरा गावातच जिरणार, नऊपैकी पाच गाड्या दारात उभ्या राहणार. शेठ टायरवर बसून दात कोरत होते.

"मंगळवारी चार ते साडेपाच कुठे होतात?" काकांनी चष्मा नाकावर घेऊन वही उघडली.

शेठ उठलेच. "मी कुठे होतो? तुमच्या काट्यावर! तीन गाड्या घेऊन उभा, वरून ऊन, मालाला वास सुटलेला, आणि केबिनला कुलूप! चार ड्रायव्हर साक्षीला आहेत. तुम्ही कुठे होतात ते सांगा!"

"मी चहाला गेलो होतो."

"दीड तास? चहा प्यायला की पेरायला?"

"हे बघा शेठ, चौकशी माझी आहे की तुमची?"

शेठ हसले आणि परत टायरवर बसले. काकांनी लिहिलं: हाही नव्हे. दुपारचे दोन वाजले होते. दोन्ही संशयित हातचे गेले होते, आणि कपाटाची किल्ली अजून एकाच माणसाच्या कमरेला होती.

४

नगरपालिकेत परतल्यावर काकांनी दप्तरखान्याच्या दारातच झाडणाऱ्या मावशींना गाठलं. मावशींच्या शिस्तीला अध्यक्षाबाईसुद्धा वचकून असत.

"मावशी, कालचा कचरा?"

"कचरा कोणता म्हणता? ओला, सुका, का कागद? तुम्ही काट्यावरचे, तुम्हीच असं बोलायला लागलात तर झालंच!" मावशींनी खराटा भिंतीला टेकवला. "ऐका. एका बाजूनं कोरा असलेला कागद निळ्या खोक्यात, परत वापरायला. दोन्ही बाजू भरलेला तो गोणीत. गोणी जाते शेडवर, तिथं बायका त्याच्या पुड्या करतात, पुड्या जातात दुकानात. बाईंनी घालून दिलेली पद्धत."

"टेबलावरचा कागद उचलता?"

"टोपलीतलं ते माझं, टेबलावरचं ते साहेबांचं. हात लागणार नाही."

"आणि काल गोणीत काय गेलं?"

"टोपलीत होतं ते. मी काय वाचत बसते?"

इतक्यात अध्यक्षाबाई स्वतःच आल्या. सकाळपासून जेवल्या नव्हत्या, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "काटेकाका, काही लागलं का हाताला? तीन वाजले. माझं माहेर त्या डोंगराच्या पायथ्याचं आहे. मी निवडणुकीत बाकी काही सांगितलं नव्हतं, एवढंच म्हटलं होतं, की तिथल्या खिडक्या उघडतील."

"बाई, पत्र दिसायला कसं होतं? लेटरहेडवर?"

"छे! लेटरहेड कुठलं?" बाई जराशा ओशाळल्या. "कचऱ्याच्या कामाला पाठिंबा द्यायचा आणि त्यासाठी कोरा कागद नासायचा, हे मला पटेना. मसुदा आपल्या नेहमीच्या पाठकोऱ्या कागदावर टाइप केला होता. म्हटलं, नंतर चांगल्यावर उतरवू. पण तो सातवा खुर्चीतून निसटायला लागला, तेव्हा त्याच मसुद्यावर सह्या घेतल्या."

"पाठकोरा," काका म्हणाले. "म्हणजे मागच्या बाजूला जुनं काहीतरी छापलेलं."

"हो. दप्तरखान्यातला जुना गठ्ठा निळ्या खोक्यात गेला होता ना, त्यातला. कसलीशी जाहिरात होती. दिव्यांची वाटतं. अकरा दिवे का काय."

काकांनी भिंत धरली. मग त्यांनी मावशींकडे पाणी मागितलं. एक ग्लास प्यायले, दुसरा प्यायले, आणि तिसरा हातात घेऊन म्हणाले, "सापडलं."

"पत्र?" आत टेबलाशी बसलेले दप्तरी उभे राहिले.

"पत्र नाही. डोक्यात प्रकाश पडला. आता मला फक्त माझा चष्मा पाहिजे. काट्यावर राहिला. आलोच!"

कोणी काही विचारायच्या आत काका जिना उतरून सायकलवर बसलेसुद्धा. वयाच्या मानानं ते फारच जोरात पायडल मारत होते.

५

"आता पुढचं ऐक," काका इंजिनीअर मुलीला म्हणाले. रस्त्यावरचे सगळे दिवे एव्हाना लागले होते. "मी विचार केला, कपाट फुटलं नाही, कुलूप फुटलं नाही. मग पत्र कपाटातून गेलंच कसं? उत्तर एकच. ते कपाटात गेलंच नव्हतं!"

"अरे वा!" मुलगी पुढे सरकली.

"दप्तऱ्या हात धुवायला गेला. टेबलावर पत्र पालथं. वर पंखा. पंख्याच्या वाऱ्यानं पत्र उडालं ते थेट टोपलीत. मावशींनी उचललं. एका बाजूला जाहिरात, दुसरीकडे टायपिंग. दोन्ही बाजू भरलेल्या, म्हणजे गोणीत! बिचाऱ्या मावशींनी नियमच पाळला. बाकी कुठल्या गावात हे झालंच नसतं. कचऱ्याच्या शिस्तीनंच कचऱ्याचा प्रकल्प गिळला होता."

चष्मा घेऊन काका शेडवर पोचले. बायका म्हणाल्या, पुड्या सकाळीच गेल्या, लोखंडाच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, शेवटची पुडी आत्ताच एका सुतारानं नेली, खिळे भरून. सुतार कुठे? पाण्याच्या टाकीवर, शिडीच्या सत्ताविसाव्या पायरीवर. काका शिडी चढले. सुताराच्या तोंडात चार खिळे, त्यामुळे त्याला बोलता येईना, आणि काकांनी दोन्ही हातांनी शिडी धरलेली, त्यामुळे त्यांना पुडी घेता येईना. खालून एक म्हैस शिडीला अंग घासत होती. अशा अवस्थेत काकांनी दातांनी सुताराच्या खिशातली पुडी ओढली, आणि तिच्यावर त्यांना दिसली तळ्यातमळ्यातची सही. अर्धी मारून थांबून परत मारलेली, त्यामुळे लांबूनही ओळखू येणारी.

"पाचाला दहा कमी असताना मी पत्र आणून दिलं. दप्तऱ्यानं पाकिटात घातलं आणि विश्रामगृहाकडे जो धावला, तो एका पायात चप्पल आणि एका पायात स्लिपर तशीच! अधिकारी गाडीत बसत होते. पत्र पोचलं. प्रकल्प आपल्याला आला. डोंगर हटायला सहा वर्षं लागली, पण हटला. बाई माहेरी गेल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं खिडकी उघडली. म्हातारी आई त्यांना म्हणाली, 'वारा येतोय, लाव ती.'"

मुलगी हसली. दप्तरीही हसले, पण आवाज न करता.

"आणि दप्तरीकाकांचं काय झालं?" तिनं विचारलं.

"त्याचं काय व्हायचंय? चोर नाही हे सिद्ध झालं ना! शुक्रवारी हार घालून निरोप दिला. वेंधळा म्हणाले लोक, पण चोर नाही म्हणाले."

"वेंधळा म्हणजे?"

"तू बघितलं नाहीस? हा कुठेही गेला, लग्नात, बँकेत, न्हाव्याकडे, की कोणीतरी ओरडतंच, 'पंखा बंद करा, दप्तरी आले!'" काका मनापासून हसले. "पंधरा वर्षं झाली, अजून चालतंय. परवा तर डॉक्टरनं केलं!"

६

मुलीनं मोजपट्टी गुंडाळली, पण ती उठली नाही. काहीतरी तिला टोचत होतं.

"काका, ते पत्र आमच्या ऑफिसात लावलंय. मंजुरीबरोबर मूळ कागद परत आला होता ना, तो काचेच्या फ्रेममध्ये. दोन्ही बाजू दिसतात. मी रोज त्याच्यासमोर बसते."

"मग? आहे की नाही तळ्यातमळ्यातची सही?"

"आहे. पण घडी नाही."

"काय नाही?"

"घडी. पुडी केली असेल तर कागदाला घड्या पडायला हव्यात. चिकटवल्याचा डाग हवा. तो कागद अगदी सपाट आहे."

काकांनी क्षणभर आकाशाकडे बघितलं. "इस्त्री केली मी."

"सुताराच्या शिडीवरून उतरून?"

"वाटेत इस्त्रीवाला लागतो."

"आणि चार कोपऱ्यांत भोकं आहेत."

"खिळ्यांची! पुडीत खिळे होते, सांगितलं ना?"

"चारच खिळे होते? आणि चारही नेमके कोपऱ्यांत बसले?" मुलगी हसत होती, पण बोलता बोलता तिची नजर केबिनच्या खिडकीतून आत गेली, पांढऱ्या चौकोनावर थांबली, आणि तिचं हसू थांबलं. तिनं हातातल्या मोजपट्टीकडे पाहिलं. मोजायची गरज नव्हती.

काकांनी चष्मा कपाळावरून काढला, पुसला, नाकावर ठेवला, परत काढला. "उशीर झाला," ते म्हणाले. "चला, निघू या. पुढच्या वेळी तुला त्या म्हशीचं..."

"बस खाली," दप्तरी म्हणाले.

चाळीस वर्षांत दप्तरींनी त्यांना मध्ये तोडलं नव्हतं. काका बसले.

दप्तरींनी काठी उचलली आणि खिडकीतून आतल्या भिंतीकडे रोखली. "कॅलेंडर एका खिळ्यावर लटकतं, काट्या. चार टाचण्या लागतात ते जपायच्या कागदाला. एकच रात्र होता तो तिथं, पण नंतर केबिन रंगवली तेव्हा तेवढा चौकोन तू रंगवू दिला नाहीस. पत्रावर काचेचा गोळा होता. तो पंख्यानं उडत नाही. मी परतलो तेव्हा गोळा टेबलाच्या कडेला सरकवलेला होता, आणि तू घाईघाईनं चहा पीत होतास. तू कधी चहा घाईनं पीत नाहीस. आणि बुधवारी तू चष्मा आणायला धावलास, तेव्हा चष्मा तुझ्या कपाळावर होता."

रस्त्यावर कोणी सायकलवाला गेला. जाता जाता त्यानं बाकाकडे बघून आरोळी दिली, "दप्तरीकाका, पंखा बंद करू का?" आणि हसत पुढे गेला. 

"माझ्याच हातानं पाकिटात घातलं रे मी ते पत्र. भोकं बघितली, जाहिरात बघितली, शेवटून दुसरं नाव बघितलं. तेव्हाच कळलं." दप्तरींनी काठी खाली टेकवली. "पंधरा वर्षं वाट बघतोय, आज सांगशील, उद्या सांगशील. तू म्हैस वाढवलीस, शिडीच्या पायऱ्या वाढवल्यास. पायऱ्या आधी नऊच होत्या."

"दप्तऱ्या..."

"पत्र तू नेलंस, काट्या. वहिनींनी वाचलेलं नाव म्हणून नेलंस. उलटून बघितलंही नाहीस." दप्तरींनी नजर पांढऱ्या चौकोनावरून काकांकडे वळवली. "मागायचं होतंस. शिक्का मारून नक्कल दिली असती मी."